घरगुती पाण्याचे टाके (नागपूर)

नळाचे पाणी साठवण्यासाठी अंगणात किंवा पोर्चखाली बांधलेला बंदिस्त हौद म्हणजे टाके. त्यातले पाणी मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते घरभर फिरते. महाल, इतवारीकडच्या जुन्या वस्तीला विहिरींचा आधार होता. नळ आले तशा विहिरी मागे पडल्या.

शहराला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून मिळते. चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना २०१२ पासून राबवली जाऊ लागली. नळ अखंड चालू असेल तर टाक्याची गरज उरत नाही, हे तत्त्व म्हणून खरे. पण पेंचच्या धरणसाठ्याने तळ गाठला तेव्हा, २०१९ च्या जुलैत, नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी होणारे शटडाऊन तर वेगळेच. तेव्हा टाके हवेच. ते केवढे असावे, एवढाच प्रश्न.

माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले तर पाच जणांच्या घराला ६७५ लिटर लागतात. दोन दिवसांची बेगमी म्हणून १,५०० लिटरचे टाके पुरे. कूलर चालू असतात त्या दिवसांत थोडे अधिक. तेवढ्याच घराने १०,००० लिटरचे टाके बांधले तर पाणी पंधरवडाभर तुंबून राहते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन साठवणीत कमी कमी होत जातो, आणि २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेलेल्या या शहरात गच्चीवरच्या टाकीतून तो आणखी लवकर उडतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. मोठे टाके सुरक्षित, हा समज म्हणूनच सोडायला हवा. पाणी खेळते राहील तेच टाके चांगले. गच्चीवरच्या टाकीवर हिरवी जाळी किंवा पांढरा रंग असला की पाणी कमी तापते.

जागा निवडताना शौचालयाची टाकी आणि नाली यांपासून दूर राहावे. तोंडाचा कठडा अंगणापेक्षा उंच हवा, नाहीतर पावसाचे पाणी सरळ आत उतरते. शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि विटांचे टाके तडकते. अशा ठिकाणी पायाखाली मुरूम भरून सळईचे काँक्रीट घातलेले बरे. गळती ओळखण्यासाठी रात्री टाके भरून सगळे कॉक बंद करावेत आणि पातळीवर खूण करावी. सकाळी पाणी खुणेखाली गेले असेल तर भिंत किंवा तळ पाझरतो आहे. तडा पाणी बाहेर सोडतो तसा पावसाळ्यात बाहेरची घाणही आत घेतो.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सफाई करावी. पाणी उपसून गाळ काढायचा, मग भिंती ब्रशने घासायच्या. हे घासणे टाळू नये: डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. त्यानंतर टाके भरून १,००० लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून घालावी, बारा तास ठेवून ते पाणी पूर्ण सोडून द्यावे आणि टाके पुन्हा धुवावे. हे पाणी पिऊ नये. झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी असेल तर डासाला वाट मिळत नाही. कूलरची टाकीही आठवड्याला रिकामी करून घासली पाहिजे.

टाक्यात एकट्याने उतरणे जिवावर बेतते. झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, मोटरची वीज बंद करावी आणि वर दोर धरून माणूस उभा असावा. आतला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. वरूनच ओढून काढावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

मोटर नेहमी टाक्यावर बसवावी, नळाच्या जोडणीवर नाही. थेट जोडलेला टिल्लू पंप वाहिनीत ओढ निर्माण करतो. फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत खेचले जाते आणि शेजारच्या घरांचा नळ कोरडा पडतो. महापालिका असे पंप जप्त करते.