बांधकाम परवानगी शुल्क (महाराष्ट्र)

घर, दुकान किंवा कारखाना बांधण्याच्या परवानगीसाठी महानगरपालिका, नगरपरिषद वा अन्य नियोजन प्राधिकरणाकडे भराव्या लागणाऱ्या रकमा. बोलण्यात याला ‘प्लॅन पास करायचे पैसे’ म्हणतात आणि ती एकच फी असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात चलनावर बऱ्याच ओळी असतात आणि त्यांपैकी खरी ‘फी’ म्हणावी अशी ओळ सगळ्यांत लहान असते.

ती ओळ म्हणजे छाननी शुल्क. नकाशा नियमात बसतो की नाही हे तपासण्याचा हा मोबदला. परवानगी नाकारली गेली तरी ते सहसा परत मिळत नाही, कारण तपासणीचे काम झालेले असते.

मोठा आकडा विकास शुल्काचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात १९९२ साली प्रकरण सहा-अ घालून ही आकारणी आणली गेली. पुढे तिचे दर मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनरला, म्हणजे जागांच्या किमतींच्या सरकारी तक्त्याला, जोडले गेले. महानगरपालिका क्षेत्रात निवासी वापरासाठी विकसित जमिनीच्या दराच्या ०.५ टक्के जमिनीवर आणि २ टक्के बांधकामावर, असा मूळ हिशेब. समजा दर चौरस मीटरला २०,००० रुपये आहे, भूखंड २०० चौ. मी. आणि बांधकाम १५० चौ. मी. आहे. मग जमिनीचे २०,००० आणि बांधकामाचे ६०,००० मिळून ८०,००० रुपये होतात. तेवढेच बांधकाम दुकानांसाठी असेल तर दुप्पट, कारखान्यासाठी दीडपट. तोच नकाशा महागड्या पेठेत नेला की रक्कम काही पटींनी चढते, तपासणाऱ्या अभियंत्याचे काम मात्र तेवढेच राहते. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी हे शुल्क दुपटीपर्यंत नेण्याची तरतूदही नंतर झाली. जमा रक्कम विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवर खर्च करायची असते.

म्हणजे हे शुल्क तपासणीच्या कामाचा मोबदला नव्हे, म्हणूनच त्याला कायद्यातील स्पष्ट आधार महत्त्वाचा. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने नियमावलीच्या जोरावर विकास शुल्क लावले होते. मूळ कायद्यात तसा स्पष्ट अधिकार नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच ते अवैध ठरवले.

याखेरीज, १९९६ च्या केंद्रीय कायद्याने आणलेला, बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर मंजुरीच्या वेळीच घेतला जातो. जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळते त्याहून जास्त बांधकाम, हवे असेल तर त्यासाठी वेगळी रक्कम, म्हणजे प्रीमियम. बिल्डरचा खरा जीव अडकतो तो इथे. कोविडनंतर, २०२१ मध्ये, राज्याने प्रीमियममध्ये वर्षभर ५० टक्के सवलत दिली. ती घेणाऱ्याने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरायचे, अशी अट होती.

मुंबईची रीत थोडी निराळी. तिथे प्रथम मिळणाऱ्या कागदाचे नावच ‘इंटिमेशन ऑफ डिसॅप्रूव्हल’ (आयओडी), म्हणजे नामंजुरीची सूचना! त्यातल्या अटी पुऱ्या करून, पैसे भरून मग काम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे ‘सीसी’, घ्यायचा. आर्किटेक्टच्या कार्यालयात ‘आयओडी आली का?’ हा रोजचा प्रश्न आनंदानेच विचारला जातो.

मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीने लहान भूखंडधारकाची वाट सोपी केली. १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावर नियमानुसार नकाशा सादर करून शुल्क भरले की ती पावतीच परवानगी मानली जाते.