स्प्रिंगच्या रायफलवर दुर्बीण का टिकत नाही?

तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं. अशा कोल्हापुरात पोरांनी घरी एअर रायफलचा हट्ट धरला तर नवल नाही. खिशाला परवडते ती नळी खाली वाकवून भरायची, स्प्रिंगची रायफल. तिच्यावर हौसेने दुर्बीण बसते आणि थोड्याच दिवसांत नेम भलतीकडे जायला लागतो. दोष पोराच्या हाताला दिला जातो, आणि ते मला फार खटकतं. बिघाड बहुतेक वेळा दुर्बिणीत असतो, आणि त्याचं मूळ जुनं आहे.

शिकारी रायफलवरची दुर्बीण घडली ती दारूच्या बंदुकीसाठी. १९३० मध्ये अमेरिकेत विल्यम वीव्हरने सामान्य माणसाला परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली आणि तिचा प्रसार झाला. दारूची बंदूक खांद्याकडे, म्हणजे मागे धक्का देते. भिंगं, त्यांच्या कड्या, आतली नळी, सगळं तो एका दिशेचा धक्का सोसेल असं बांधलं गेलं.

स्प्रिंगच्या रायफलचं वागणं वेगळं. घोडा ओढला की जड दट्ट्या पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. दट्ट्या पुढच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, त्यासरशी रायफल पुढे हिसकली जाते. समोरच्या रेट्यासाठी पाय रोवलेल्या पैलवानाला मागून ढकलावं, तसा हा दुसरा हिसका दुर्बिणीला बेसावध गाठतो.

दुर्बिणीत नेम वर-खाली करणारी एक बारीक नळी असते. वरच्या आणि बाजूच्या स्क्रूंच्या समोरून एक छोटी स्प्रिंग तिला दाबून धरते. उलट्या हिसक्याने ही स्प्रिंग थकते, भिंगाचा गोंद सुटतो, नेम धरायची तारेची फुली तुटते किंवा तिरकी होते. छर्रा न भरता घोडा ओढला तर दट्ट्याला हवेची गादीच पुरेशी मिळत नाही आणि मार आणखी बसतो.

स्पर्धेच्या रायफली बनवणाऱ्या जर्मन कारखान्यांनी साठच्या दशकातच या धक्क्यावर तोड काढली. डायनाने एकमेकांविरुद्ध धावणारे दोन दट्टे बसवले. फाइनवेर्कबाउने नळीसकट सगळी यंत्रणा लाकडी दस्त्यावर मागे घसरू दिली. पण दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातूनच नेम धरायचा असतो. त्यामुळे या शहाणपणाचा दुर्बिणीच्या धंद्याला काहीच उपयोग झाला नाही. (स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या पोराला दुर्बीण घेऊन देण्याआधी पालकांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.)

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वायरॉख कंपनीच्या एचडब्ल्यू ८० सारख्या दणकट स्प्रिंग रायफली आल्या आणि चांगल्या नावाच्या दुर्बिणीही माना टाकू लागल्या. मग खास एअर रायफलसाठी दुर्बिणी निघाल्या. त्यांची भिंगं दोन्ही बाजूंनी पक्की धरलेली, फुली तारेऐवजी काचेवर कोरलेली, आणि जवळच्या अंतरावर जुळवता येणारा फोकस. शिकारी दुर्बीण साधारण शंभर यार्डांवर जुळवलेली असते; परसातल्या दहा-पंधरा मीटरवर तिच्यातून चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की नेम सरकतो.

म्हणून रायफलबरोबर फुकट मिळणाऱ्या बारीक नळीच्या ४×२० (चौपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग २० मिलिमीटरचं) दुर्बिणीवर माझा भरवसा नाही. तिचं घराणं .२२ च्या, दारूच्या हलक्या रायफलचं. थोडे जास्त पैसे घालून 'स्प्रिंग रायफलसाठी' असं वॉरंटीत छापलेली घ्यावी. मोठेपणाचा आकडा फुगवण्यापेक्षा वजन कमी ठेवावं. जितकी जड, तितका तिला रायफलवर धरणाऱ्या कड्यांवर ताण. आत नायट्रोजन भरलेला हवा, नाहीतर कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंगावर आतून वाफ धरते.

राहिली बैठक, म्हणजे दुर्बीण रायफलवर धरणाऱ्या त्या कड्या. रायफल पुढे हिसकली की दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे रायफलवरच्या खाचेवरून मागे घसरते. मागच्या कडीखाली अडवणारी खीळ असलेली बैठक मागावी. बसवल्यावर कडीच्या पुढच्या कडेला खाचेवर पेन्सिलने रेघ मारावी आणि छऱ्यांचा डबा संपला की पाहावं. रेघ आणि कडी यांत फट दिसली, तर बैठक सरकली आहे. रेघ जागेवर असूनही नेम भटकत असेल, तर बहुधा दुर्बिणीच्या आतली स्प्रिंग गेली.