उजव्या कप्प्याचा हार्ट अटॅक: जिथे नेहमीची औषधं उलटतात

छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, की घरातलं कुणीतरी सॉर्बिट्रेटची (नायट्रेट गटातली) गोळी शोधायला धावतं. जिभेखाली ती विरघळली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. पण एका प्रकारच्या अटॅकमध्ये याच गोळीने बीपी धाडकन कोसळू शकतं. तो अटॅक उजव्या निलयाचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याचा.

हा कप्पा एकटा क्वचितच अटॅकमध्ये सापडतो. हृदयाच्या खालच्या भिंतीला अटॅक आलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या रुग्णांमध्ये तोही त्यात ओढला जातो. दोष बहुतेक वेळा उजव्या कोरोनरी धमनीचा. तिला उजव्या निलयाच्या फांद्या फुटण्याआधीच गुठळी अडकली, की कप्प्याचा रक्तपुरवठा तुटतो.

तसं या कप्प्याचं काम हलकं. भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड, दाब डाव्याच्या पंचमांशाच्या आसपास, आणि रक्त ढकलायचं ते शेजारच्या फुप्फुसांत. पण तो लुळा पडला की डावा निलय धडधाकट असूनही त्याच्यापर्यंत पुरेसं रक्त पोचत नाही. मोटर चांगली, पण टाकीत पाणीच नाही. मग बीपी पडतं, मानेच्या शिरा तट्ट फुगतात आणि स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं मात्र स्वच्छ. एरवी श्वास आत घेतल्यावर मानेची शीर उतरते. इथे ती आणखी फुगू शकते.

या फुगलेल्या शिरांनीच अनेकदा घात होतो. ‘हार्ट फेल्युअर’ समजून कुणी लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलं, की आधीच कमी पडलेलं रक्त लघवीवाटे आणखी घटतं. सॉर्बिट्रेट आणि मॉर्फिन शिरा सैल करून हृदयाकडे परतणारं रक्त कमी करतात. रुग्णवाहिकेतल्या रुग्णांच्या काही अलीकडच्या पाहण्यांमध्ये नायट्रेटचा हा धोका वाटला तेवढा दिसलेला नाही, हे खरं. तरीही वरचं बीपी ९०च्या खाली असताना ती गोळी देण्यात शहाणपण नाही. आणि घरी बीपी मोजलेलंच नसतं.

निदानाची युक्ती अगदी साधी आहे, तरी घाईत राहून जाते. ईसीजीमध्ये दोन, तीन आणि एव्हीएफ या, हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या लीड्समध्ये (आलेखांमध्ये) एसटी हा रेषेचा तुकडा वर उचललेला दिसला, त्यातही लीड तीनमध्ये लीड दोनपेक्षा जास्त, तर छातीवरचा व्ही-४चा इलेक्ट्रोड काढून उजव्या बाजूला लावायचा. जागा पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधली, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. कागदावर पेनाने ‘व्ही-४-आर’ लिहायला विसरू नये, कारण मशीन तिथे व्ही-४च छापतं आणि पुढच्या डॉक्टरचा गोंधळ उडतो. एसटी १ मिलिमीटर किंवा अधिक उचललेला असेल तर उजवा निलयही अटॅकमध्ये सापडला असं धरावं. उशीर मात्र नको. जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये ही खूण दहा-बारा तासांत पुसली जाते. या एका लीडचं वजन १९९३ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं: खूण असलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्णालयातच दगावले, नसलेल्यांपैकी ६ टक्के.

उपचारात पहिला मान धमनी उघडण्याचा. १९९८च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ५३ रुग्णांची अँजिओप्लास्टी झाली. उजव्या निलयाचा रक्तप्रवाह पूर्ववत झालेल्यांपैकी २ टक्के, तर तो न झालेल्यांपैकी ५८ टक्के दगावले. अँजिओप्लास्टीची सोय वेळेत गाठता येत नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या १२ तासांत, जितकं लवकर तितकं चांगलं.

दरम्यान बीपी सावरायचं ते नॉर्मल सलाइनने. २५० ते ५०० मिली वेगाने द्यायचं, मग थांबून बीपी, मानेची शीर आणि फुप्फुसं पाहायची. एक लिटरपर्यंत फरक पडला नाही तर पुढच्या बाटलीनेही पडणार नाही, उलट नुकसान होईल. हृदयाभोवतीची पिशवी ताणली जात नाही. फुगलेला उजवा कप्पा मधला पडदा डावीकडे रेटतो आणि डाव्याची जागाच खातो. ‘उजवा अटॅक म्हणजे सलाइन’ हे समीकरण म्हणूनच अर्धवट. अशा वेळी हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारं डोब्युटामिन मिनिटाला प्रति किलो २ ते ५ मायक्रोग्रॅमने सुरू करतात, बीपी फारच खाली असेल तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन.

ठोक्यांची लयही जपावी लागते. लुळ्या कप्प्याची भिस्त वरच्या कप्प्याच्या ढकलण्यावर असते. ते ढकलणं एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा, बंद पडतं. त्याने बीपी ढासळलं तर विजेचा शॉक देऊन लय आणावी लागते. नाडी मंदावली तर ती वाढवणारं अ‍ॅट्रोपिन. हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्याचा विद्युत संदेश खाली न पोचणं) इथे वारंवार होतो; तात्पुरता पेसमेकर फक्त खालचा कप्पा चालवत असेल आणि बीपी तरीही उठत नसेल, तर वरचा आणि खालचा दोन्ही क्रमाने चालवणारा लावतात. व्हेंटिलेटरही जपून, कारण फुप्फुसांतला वाढीव दाब उजव्या कप्प्यालाच झेलावा लागतो.

हे पहिले दिवस निभावले की उजवा निलय डाव्यापेक्षा बराच सावरतो. त्याचं बरंचसं स्नायुद्रव्य मेलेलं नसतं, नुसतं बधिर झालेलं असतं. काही आठवड्यांनी इको केला की उजव्या कप्प्यांमधल्या झडपेच्या कडेची हालचाल पुन्हा १७ मिलिमीटरच्या वर, म्हणजे नेहमीच्या पातळीवर गेलेली अनेकांमध्ये दिसते. मात्र सुरुवातीच्या दिवसांत फुप्फुसं स्वच्छ असून आणि ऑक्सिजन लावूनही रक्तातलं त्याचं प्रमाण वर येत नसेल, तर इकोमध्ये वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा नीट पाहायला सांगावा. जन्मापासून उरलेलं छोटंसं छिद्र उजवीकडच्या वाढलेल्या दाबाने उघडतं आणि अशुद्ध रक्त थेट डावीकडे जाऊ लागतं.