चिंता, तीव्र चिंता आणि लेमन तूर

म्यानमारमधून येणाऱ्या तुरीला डाळीच्या धंद्यात ‘लेमन’ म्हणतात. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या लष्कराने आंग सान सू ची यांना अटक करून सत्ता हातात घेतली. नागपुरात कळमन्याच्या बाजारापुरता विचार केला, तर या बातमीचा अर्थ एवढाच होता: यांगूनहून माल सुटणार की अडकणार? नागपूरचं त्या देशाशी नातं तसं डाळीच्याही पलीकडचं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे अराकानचे, म्हणजे म्यानमारचेच.

माल अडकला नाही. जून २०२१ मध्ये भारताने म्यानमारशी दरवर्षी १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद घेण्याचा पाच वर्षांचा करार केला. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारच्या लष्कराविरुद्ध ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. पण भारत मोठा देश आहे, गप्प बसणं त्याला परवडतं. खरी कसरत सिंगापूरची होती. नागपूर जिल्ह्यात असे तेरा सिंगापूर मावतील, आणि तरी म्यानमारमध्ये पैसा गुंतवणाऱ्या देशांत हा चिमुकला देश अगदी पुढच्या रांगेत.

सत्तापालट झाला त्याच दिवशी सिंगापूरच्या परराष्ट्र खात्याने ‘तीव्र चिंता’ व्यक्त केली आणि सर्वांनी संयम बाळगावा असं म्हटलं. गोळ्या कोणी झाडायच्या आणि कोणी खायच्या हे ठरलेलं असताना ‘सर्वांनी’ हा शब्द जरा बोचतोच. २० फेब्रुवारीला मंडालेत निदर्शकांवर गोळीबार झाला, तेव्हा सूर चढला: नि:शस्त्र नागरिकांवर प्राणघातक शस्त्रं चालवणं अक्षम्य आहे. मार्चच्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री विवियन बालकृष्णन म्हणाले की, कुठल्याही देशाच्या सैन्याने स्वतःच्याच जनतेवर शस्त्र उगारणं ही राष्ट्रीय शरमेची बाब आहे. मात्र सरसकट निर्बंधांना त्यांचा विरोध कायम होता, कारण त्यात सामान्य माणूसच भरडला जातो.

मुत्सद्द्यांची भाषा अशी पायऱ्यापायऱ्यांची का असते, याचं एक सुरेख गणिती उत्तर १९८२ मध्ये विन्सेंट क्रॉफर्ड आणि जोएल सोबेल या दोन अर्थतज्ज्ञांनी दिलं. बाजारात अडत्याला माल कसा आहे विचारा. तो ‘एक नंबर’ म्हणेल. बोलायला पैसे पडत नाहीत आणि त्याचा फायदा तुमच्या फायद्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून तुम्ही ते वाक्य निम्म्यानेच घेता. हे अडत्यालाही ठाऊक असतं. मग तो आर्द्रता किती, काडीकचरा किती हे टक्क्यांत सांगत बसत नाही, कारण तसं सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. उरतात फक्त ढोबळ प्रती: चांगला, मध्यम, हलका. क्रॉफर्ड-सोबेल यांनी दाखवून दिलं ते हेच. दोघांचे हितसंबंध जितके दूर, तितक्या विश्वासार्ह प्रती कमी. फारच दूर गेले, तर एकच प्रत उरते, म्हणजे शब्दांतून काहीच कळत नाही.

सिंगापूर आणि म्यानमारचं लष्कर यांच्यात तसंच आहे. म्हणून ‘चिंता’, ‘तीव्र चिंता’, ‘अक्षम्य’ अशा मोजक्याच पायऱ्या, आणि ऐकणारे परराष्ट्र खात्यातले लोक कालची पायरी कोणती होती एवढंच बघतात. पहिल्याच दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर उडी मारली, तर पुढच्या गोळीबाराला बोलायला काय उरणार? या सावधपणाला भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही.

शिवाय त्यामागे एक जुना हिशेब आहे. दुसऱ्याच्या घरात गडबड असेल तर सिंगापूर हळू बोलतो, पण सीमा ओलांडून कोणी घुसलं की त्याचा आवाज बदलतो. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या कॅरिबियनमधल्या चिमुकल्या बेट-देशात सैन्य उतरवलं, तेव्हा जवळचा मित्र असूनही सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेविरुद्ध मत दिलं. २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसल्यावर त्याने स्वतःहून निर्बंध लावले. मोठ्याने लहानाला गिळणं एकदा चालतं असं ठरलं, तर पुढचा नंबर आपला लागू शकतो, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जून २०२१ च्या त्या ठरावाच्या बाजूने ११९ मतं पडली, विरोधात १ आणि तटस्थ ३६. थायलंड तटस्थ राहिला, सिंगापूरने बाजूने मत दिलं. मत म्हणजे शब्द नव्हे. त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून त्याचं वजन जास्त.

तरीही सर्वांत खरी गोष्ट बँकेच्या खात्यांत सापडते, आणि इथे सिंगापूरची बाजू लंगडी पडते. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये अहवाल दिला. सत्तापालटानंतर सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून म्यानमारच्या लष्कराला २५.४ कोटी डॉलरची शस्त्रसामग्री आणि संबंधित माल गेला होता. सरकारचं धोरण शस्त्रं न देण्याचंच होतं, पण माल जात राहिला. अहवालानंतर सिंगापूरने चौकशी लावली. एका वर्षात तिथून जाणारा माल आधीच्या वर्षीच्या ११ कोटी डॉलरवरून साधारण १ कोटीवर आला. ‘तीव्र चिंता’ वाचून म्यानमारचे जनरल हलले नसतील, पण या घसरणीने त्यांची अडचण नक्कीच झाली. त्याच काळात थायलंडमध्ये नोंदलेल्या कंपन्यांकडून होणारी खरेदी मात्र ६ कोटींवरून जवळपास १३ कोटींवर गेली.