वेबसाइटचे डोमेन कोणाच्या नावावर आहे?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

होमस्टे, खानावळी, आंबा-काजूचे बागायतदार, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी अशा आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळींच्या वेबसाइट आम्ही करतो. काम हाती घेताना आमचा पहिला प्रश्न असतो, "डोमेन कोणाच्या नावावर आहे?" उत्तर बहुतेक वेळा असे येते, "भाच्याने घेतलंय, तो मुंबईला असतो." नाहीतर, "साइट ज्यांनी केली त्यांच्याकडेच असेल." हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे.

डोमेन म्हणजे शेवटी डॉट इन किंवा डॉट कॉम असलेला तुमचा इंटरनेटवरचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवून मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. डॉट इनची नोंदवही 'निक्सी' ही संस्था सांभाळते. आपण नोंदणी करतो ती तिने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे. त्या नोंदीत ज्याचे नाव, पत्ता त्याचा. साइट कोणी केली, पैसे कोणी दिले, हे तिथे कोणी विचारत नाही. सातबाऱ्यासारखेच आहे हे: जमीन कोण कसतो ते अख्ख्या गावाला ठाऊक असते, पण व्यवहाराला बसले की उताऱ्यावरचे नाव बघतात.

वेबसाइट मोडली तर नवी करता येते. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, भाड्याचे असते, तेही बदलता येते. पण रस्त्यावरच्या पाटीवर, आंब्याच्या पेटीवर आणि पाहुण्यांच्या फोनमध्ये गेलेला पत्ता हातचा गेला, तर तो परत मिळवणे फार कठीण.

फुकट पत्त्याचे काय होते

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलसोबत (गूगलवर दिसणारी आपल्या धंद्याची नोंद) पूर्वी एक छोटी वेबसाइट फुकट मिळायची. तिच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट बिझनेस डॉट साइट' असे. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. जुना पत्ता टाकला की काही महिने प्रोफाइल उघडत होते, जूनमध्ये तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता कार्डांवर छापला होता, त्यांची कार्डे वाया गेली. फेसबुक, इन्स्टाग्राम जरूर वापरा, पण तिथली जागा त्या कंपनीची असते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथे जमवलेली माणसे एका रात्रीत तुटली.

बुकिंग पोर्टलचेही तसेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. पोर्टलवरच्या दरापेक्षा कमी दराने हॉटेलने दुसरीकडे, अगदी स्वतःच्या साइटवरही, खोली द्यायची नाही, अशी अट करारात होती. ती बदलायला आयोगाने सांगितले. दिवाळीत आणि मे महिन्यात नवा पाहुणा पोर्टलवरूनच येतो, म्हणून ते सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण तुमच्याकडे राहून, सोलकढी पिऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी थेट तुमच्याकडे यायला हवा. त्याच्यासाठी दलालाचे कमिशन कशाला भरायचे?

आजच तपासा

डॉट कॉमच्या जाहीर नोंदीत मालकाचे नाव २०१८ पासून बहुधा झाकलेले असते. म्हणून तीन गोष्टी विचारा: रजिस्ट्रारच्या खात्याला ईमेल कोणाचा, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो आणि बिल कोणाच्या नावाने निघते. तिन्हींपैकी एकाही ठिकाणी दुसरे कोणी असेल तर बदल करून घ्या, आणि संबंध चांगले असतानाच करा. भाच्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्याची नोकरी बदलते, ऑफिसचा ईमेल बंद होतो, आणि मुदत संपल्याची सूचना कोणीच वाचत नाही.

मुदत संपली तरी डोमेनचे नाव लगेच जात नाही. डॉट कॉमला रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस थांबू शकतो. काहीजण तेवढेही थांबत नाहीत, आधीच लिलावाला काढतात. पुढे ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते. मग आणखी ५ दिवस ते कोणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. चालू वेबसाइटचे सुटलेले नाव टिपायला माणसे टपलेली असतात, आणि तुमच्या पत्त्यावर मग जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही नसताना ही तारीख हमखास निसटते. आंब्याची पट्टी हातात आली की मे महिन्यातच तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. पहिल्या वर्षीच्या स्वस्त दरावर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर विचारा. "डोमेन संपतंय, या लिंकवर पैसे भरा" असा फोन किंवा मेल आला तर तिथे भरू नका. स्वतः खात्यात जाऊन तारीख बघा.

आमची पद्धत

डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवरून, तुमच्या यूपीआयने घेतो. आम्हाला फक्त काम करण्यापुरती परवानगी द्या. पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. उद्या दुसऱ्याकडे जावेसे वाटले, तर नाव हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड तुमच्याच खात्यात मिळतो. तो काढायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. डॉट कॉमचे नाव नव्याने घेतल्यावर पहिले ६० दिवस ते सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, एवढे लक्षात ठेवा.

देवनागरीतला डॉट भारत पत्ता २०१४ पासून मिळतो. तो घ्यावा असे आम्हाला मनापासून वाटते, पण जोडीला. अजून कित्येक फॉर्म आणि ईमेल सेवा देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉमच ठेवा.

जुने डोमेन स्वतःच्या नावावर करून घ्यायचे असेल, तर येताना ओळखपत्र, स्वतःचा ईमेल चालू असलेला मोबाइल आणि जुने बिल असल्यास ते आणा. भाच्याला त्या वेळी फोनवर मोकळे राहायला सांगा, कारण ओटीपी त्याच्याकडे जाईल. धंदा कुटुंबाचा असेल तर घरातल्या आणखी एकालाही सोबत आणा, म्हणजे खाते कुठे आहे आणि कसे उघडायचे ते दोघांनाही कळेल.