सक्रियित कार्बन, वनस्पतिजन्य (जड धातूंसाठी)

नारळाची करवंटी, उसाची चिपाडे, बाभळीचे लाकूड, द्राक्षवेलीच्या काड्या यांपासून केलेला अतिसच्छिद्र कोळसा. सांडपाण्यातील क्रोमियम, निकेल, शिसे, कॅडमियम यांचे आयन त्याच्या पृष्ठभागाला धरून राहतात (अधिशोषण).

या पद्धतीचे मूळ वादग्रस्त आहे. काही लेखक ते प्राचीन भारतात शोधतात. पण सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याची जी सात साधने सांगितली आहेत (निवळीचे बी, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती, मणी) त्यांत कोळसा नाही. निवळीने गाळ तळाशी बसतो, तेही अधिशोषण नव्हे. कोळसा वायू शोषतो हे रसायनज्ञ शेले यांचे (१७७३) व द्रावणाचा रंग काढतो हे रसायनज्ञ लोव्हिट्स यांचे (१७८५) निरीक्षण आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. औद्योगिक निर्मितीचा पाया ओस्ट्रेइको यांच्या पेटंटांनी (१९००–०१) घातला.

लोणारी भट्टीतला साधा कोळसा या कामी फारसा उपयोगी नाही. वाळलेल्या काड्या फॉस्फोरिक अम्लात भिजवून सु. ४००–५००° से.ला भाजतात, किंवा आधी कोळसा करून ८००° से.च्या वर त्यावर वाफ सोडतात. मग अम्ल व राख जाईपर्यंत धुतात. पृष्ठफळ ग्रॅमला साधारण ५००–१,५०० चौ.मी. भरते.

नाशिकला कच्चा माल व गरज शेजारी आहेत. खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशी वर्षातून दोनदा बागांत काड्यांचे ढीग लागतात. सातपूर–अंबड औद्योगिक वसाहतींत प्लेटिंगचे (धातूचा मुलामा देण्याचे) कारखाने आहेत. तिथल्या क्रोमच्या धुवणाचे पाणी पिवळे असते. ते अम्लधर्मी करून डायफेनिलकार्बाझाइडचे (षट्‌संयुजी, म्हणजे +६ रूपातले, क्रोमियम ओळखणारे रसायन) थेंब टाकले की जांभळे होते. पाण्याचा सामू (pH) येथे निर्णायक ठरतो. षट्‌संयुजी क्रोमियम ऋण आयनाच्या रूपात असल्याने सामू २–३ ला उत्तम धरला जातो, आणि त्यातील काही भागाचे कोळशावरच त्रिसंयुजी (+३) क्रोमियम होते. निकेलला मात्र ५–६ लागतो. त्याहून बराच वाढवला तर ते हायड्रॉक्साइड होऊन साका (गाळ) धरते, आणि हा साका अधिशोषणाच्या खाती मांडण्याची चूक प्रयोगांत होते. क्रोम व निकेल दोन्हींची धुवणे एकाच टाकीत मिसळून कोळशाच्या एकाच स्तंभातून सोडण्यात म्हणूनच अर्थ नाही.

भूपृष्ठजलात सोडायच्या सांडपाण्यात षट्‌संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०·१ मिग्रॅ. आहे. तीव्र द्रावणासाठी रासायनिक अवक्षेपण (रसायन घालून धातूचा साका पाडणे) स्वस्त पडते. कोळसा शेवटच्या टप्प्यावर बसवतात. धातू धरून भरलेला कोळसा क्रोमसाठी कॉस्टिक सोड्याने, निकेलसाठी सौम्य अम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतो, पण ते धुवण धातूने भरलेले असते. निकामी कोळसा घातक कचऱ्यात मोडतो. तो शेणखतात मिसळत नाहीत.