डिसेंबरात गोड चालणारं इंजिन मे महिन्यात का ठोकतं?

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन खोललं की जळगाव-भुसावळकडे एक सल्ला हमखास मिळतो: ‘बोअर करताय ना, मग हेडला फेसही मारून घ्या. कॉम्प्रेशन वाढेल, गाडी पळेल.’ बोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून रुंद करणं, फेस म्हणजे हेडचा, सिलिंडरवरच्या झाकणाचा, तळ घासून सपाट करणं. पळेल हे खरं, पण कोणत्या महिन्यात, हे कुणी विचारत नाही.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा भागिले तो वर गेल्यावर उरलेली जागा. १९६२ साली आलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या: १७९८ सीसी, चार सिलिंडर, रेशो ८.८. एका सिलिंडरमध्ये पिस्टन ४४९.५ सीसी जागा पार करतो आणि वर उरतात जेमतेम ५७.६ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दीड मिलिमीटरने वाढला की, वरची जागा तेवढीच राहिली तरी, रेशो ९.१ होतो. फेस मारताना आणखी ४ सीसी गेले की थेट ९.७.

आता खरी गंमत. वायू झटकन दाबला की तापतो, सायकलचा पंप तापतो तसा. किती? केल्विनमधलं सुरुवातीचं तापमान गुणिले रेशोचा साधारण ०.३५ वा घात. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे! ८.८ साठी हा गुणक येतो २.१४. थंडीतल्या धुळ्यात १० अंशांची, म्हणजे २८३ केल्विनची हवा आत गेली, तर ठिणगीआधीच ती ३३३ अंश सेल्सिअसवर पोचते. मे महिन्यात ४५ अंशांची गेली, तर ४०८ वर. बाहेरचा ३५ अंशांचा फरक आत ७५ अंशांचा होतो. प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतात, गुणाकार हलत नाही. रेशो ९.७ केल्याने मेमध्ये त्यावर आणखी २३ अंश चढतात. म्हणजे मोठा वाटा उन्हाचाच, फेस मारून आपण त्यात भर घालतो.

ठिणगीनंतर ज्योत पसरते आणि कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, तापतं. ज्योत पोचण्याआधीच ते आपोआप पेटलं की नॉकिंग. ते चालूच राहिलं तर पिस्टन भाजतो. हे पेटणं रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ती जादा शक्ती नव्हे. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ऑक्टेन वाढतं असं सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे.

म्हणून हेड बसवण्याआधी त्यातला प्रत्येक चेंबर, म्हणजे मिश्रण जळण्याचा खळगा, ब्युरेटने (खुणा केलेल्या काचेच्या नळीने) तेल भरून मोजा, हेडखाली बसणाऱ्या गॅस्केटच्या जाडीची जागाही धरा. खानदेशात चालणाऱ्या अशा गाडीचा रेशो मी ९ च्या आसपासच ठेवीन. तो पुढे गेलाच असेल, तर जाडसर गॅस्केट किंवा जास्त खोलगट पिस्टन घ्या आणि उन्हाळ्यात टायमिंग दोन अंश मागे ठेवा, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडू द्या.